नदीतून गेलेल्या गाड्या

पुणे, ता. २ फेब्रुवारी १९५८

दादास,

वहिनीला माझा नमस्कार सांग. तुला आज मी नमस्कार करून न्हाई राह्यलो.

चांदमलशेठ, पत्र तुम्हीच वाचणार हे मला ठावं हाय. दुकानाच्या ओट्यावर माणसं बसली असतील तर बसू द्या. एक अक्षर गाळू नका. नाव दादाचं हाय, पण लिहिलंय सगळ्या डोहखेड्याला.

दादा, मी इथं काय काम करतो ते तू दोन वर्षांत विचारलं न्हाईस आणि मीबी सांगितलं न्हाई. मी साहेब लोकांची टेबलं पुसतो, नकाशांच्या गुंडाळ्या काढून देतो, चहा आणतो. हापिस रस्त्यांचं हाय. कोणता रस्ता आधी करायचा, कोणता मागून, कोणत्या नदीवर पूल बांधायचा, ते इथं ठरतं. आणि कसं ठरतं म्हणशील, तर गाड्या मोजून. एक माणूस रस्त्याच्या कडेला बसतो. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत, बराबर सात दिवस. समोरून गाडी गेली की कागदावर एक रेघ. ज्या रस्त्यावर रेघा जास्ती, तो अ यादीत, त्याचं काम याच वर्षी. त्याखाली ब. आणि क म्हणजे पुढच्या पंचवार्षिक योजनेत बघू. सरकार बघू म्हणतं तेव्हा किती बघतं ते तुला सांगायला नको.

डोहखेडा ते टेंभुर्णी हा आपला रस्ता क मधी हाय. दिवसाला अकरा गाड्या.

कापसाच्या दिवसांत, दादा. मधी टेंभुर्णीचा बाजार येऊन गेलेला. अकरा. आपल्या एका आळीतून बाजाराला सतरा गाड्या जुंपतात. बाकीचं गाव काय त्या आठवड्यात मेलं होतं?

मोजायला गेल्ता तो महेमूद माझ्याच खोलीत राहतो. जालन्याचा हाय. मी त्याला म्हणालो, झाडाखाली झोपला होतास का? तो म्हणाला, "अरे भाई, सात दिवस डोळ्यांत तेल घालून बसलो. तुझ्या गावच्या गाड्या हवेतून जातात का? रस्त्यावर शेणाचा पो न्हाई. आणि खाली नदीत जाऊन पाह्यलं तर वाळूत चाकोऱ्यांची ही जाळी. पण माझ्यासमोरून जाईल तेच मी लिहिणार. वाळूतल्या रेघा कागदावर कशा मारू?"

म्हणजे तुम्ही सगळे नदीतून गेलात. बैलांच्या ढोपराएवढी वाळू, दीड कोसाचा वळसा, भरल्या गाड्या. सात दिवस. कुणी सांगितल्याशिवाय अख्खं गाव एका वाटेला लागत न्हाई. कुणी सांगितलं? त्याचं नाव मला कळव.

या रस्त्यावर माझं काय अडकलंय ते ओट्यावरच्या सगळ्यांना ठावं हाय, तरी परत लिहितो. भादव्यात माझी तुळजा नऊ दिवस तापानं फणफणली. नदी उतरेना. पलीकडं टेंभुर्णीला डाक्टर दवाखाना उघडून बसलेला, आणि अलीकडं तुम्ही तिच्या कपाळावर ओल्या चिंध्या ठेवून राह्यलेले. जगली ती तिच्या नशिबानं. पाणी उतरल्याबरोबर सासरे गाडी घेऊन आले, तिला बसवलं, आणि चार माणसांत म्हणाले, नदीवर पूल होईल त्या दिवशी पोरगी पाठवीन, तोवर जावयानं तोंड दाखवू नये. मी इथून कळवलं होतं, ठीक हाय, पूल आणतो. लोक हसले म्हणे. तूबी हसलास म्हणे.

आता हसा. पुढच्या पंचवार्षिकापर्यंत ती माहेरात, मी टेबलं पुसत, आणि तुम्ही वाळूत.

जबाब दे.

रामकिसन


पुणे, ता. १५ फेब्रुवारी १९५८

दादास,

तुझं पत्र पोचलं. अक्षर चांदमलशेठचं, पण शब्द तुझे. बायकापोरांची खुशाली न्हाई, पीकपाणी न्हाई, नुसतं एवढंच: "रामकिसन, तुझंच पत्र आल्तं. त्या पत्रावरून गाव नदीत उतरलं."

मी ते पत्र चुरगाळून फेकलं. मंग उचलून सरळ केलं. महेमूद पाहत होता.

आता आठवलं. पौषातलं कार्ड. त्यात मी लिहिलं होतं, दहा तारखेपासून सरकारी माणूस आपल्या रस्त्यावर गाड्या मोजायला येऊन राह्यलाय, आतली बातमी हाय, कुणाला सांगू नको, हुशार राहा. एवढंच. मोजणी कशासाठी ते लिहिलं न्हाई. का लिहिलं न्हाई ते आता सांगतो, चांदमलशेठ, हे जरा हळू वाचा. मला ठावंच नव्हतं. साहेबाच्या टेबलावर कागद पडला होता, पुसता पुसता आपल्या गावाचं नाव दिसलं. चार वर्षं उर्दू शाळेत अलिफ बे घोकलेला माणूस मी, मराठी अक्षर इथं दुकानांच्या पाट्या वाचून शिकलो. गावाचं नाव वाचता आलं याचीच घमेंड चढली. वाटलं, दादाला कळू द्या की आपला भाऊ नुसता फडकं मारत न्हाई, त्याला आतल्या बातम्या असतात. म्हणून ते आतलं, म्हणून ते कुणाला सांगू नको.

आणि चोरून कळवलेली मोजणी म्हणजे गावाला काय वाटणार, ते माझ्या ध्यानात आलं न्हाई. गावच्या गाड्या नेल्या तेव्हा मी लहान होतो, पण विसरण्याइतका न्हाई. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात निझामाची हत्यारबंद माणसं आली, गाड्या मोजल्या, साटीवर खडूनं आकडे टाकले, आणि तिसऱ्या दिवशी आकड्यानं पुकारून घेऊन गेले. आपली सव्वीस नंबरची. बाबा बैलांच्या मागं चालत गेले, बारा दिवसांनी एकटे आले, आणि मंग मरेपर्यंत त्यांनी कासरा हातात धरला न्हाई. हे सगळं मला ठावं असून मी तसलं कार्ड टाकलं.

पण याचा अर्थ मी तुमच्यावर रागावायचं न्हाई असं समजू नका. ती माणसं बंदुका घेऊन आल्ती. महेमूद पेन्सिल आणि भाकरीचं फडकं घेऊन आल्ता. दहा वर्षं झाली, दादा. निझाम गेला, हैद्राबादचं राज्य मोडलं, आपण मुंबई राज्यात आलो, तरी एका माणसाला त्याच्याजवळ जाऊन विचारावं वाटलं न्हाई, की बाबा, कशाला मोजतोस? पाणी तरी दिलं का कुणी त्याला? तो म्हणतो न्हाई.

पत्राच्या खाली वहिनीनं दोन ओळी घालून घेतल्यात. भादव्यात तू पुरात पोहत टेंभुर्णीला गेल्तास, औषधाची बाटली पटक्यात बांधून आणलीस म्हणे. म्हणजे ती नशिबानं जगली न्हाई. पाच महिने मी तुला मनात शिव्या घालून राह्यलो आणि तू सांगितलं न्हाईस. सासऱ्यांनाबी सांगितलं न्हाईस. का? याचाबी मला रागच येतो.

रामकिसन


पुणे, ता. २२ फेब्रुवारी १९५८

दादास,

चांदमलशेठ, हे मोठ्यानं वाचा. ओटा भरलेला नसला तर बाजाराच्या दिवशी वाचा.

काल मी साहेबापुढं उभा राह्यलो. इथं शिपायानं असं उभं राहायचं नसतं. म्हणालो, साहेब, आमच्या रस्त्याची मोजणी चुकली, गाव भिऊन नदीतून गेलं. साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुझं गाव आहे, तू असंच म्हणणार."

मी म्हणालो, साहेब, तुमच्या अ यादीत कोण हाय? जिथं आधीच खडीची सडक हाय तेच. जालन्याच्या बाजारात कापसाच्या गाड्या न् लॉऱ्या एकमेकांच्या अंगावर चढून राह्यल्यात, दोन-दोन दिवस नंबर लागत न्हाई, म्हणून ती सडक आणखी रुंद होणार. बराबर हाय, करा. पण आमच्याकडं चार महिने नदीतून मांजर जात न्हाई. तेव्हा मोजलं तर शून्य येईल. त्या शून्याचा अर्थ कुणाला जायचंच न्हाई असा धरणार का?

साहेबांनी चष्मा काढला. मंग म्हणाले, "रामकिसन, जायची इच्छा मोजायचा तक्ता सरकारनं आपल्याला दिलेला नाही. चाकं मोजायचा दिलाय."

मी म्हणालो, मंग चाकं परत मोजा.

माणूस वाईट न्हाई. यादी मार्चअखेर मुंबईला जाते, त्याआधी एक फेरमोजणी बसते, पण गावाचा अर्ज पाहिजे. अर्ज मी लिहून सोबत पाठवलाय. पंधरा गाडीवाल्यांचे अंगठे घ्या आणि जल्दी परत टाका. ३ मार्चपासून महेमूदच येईल, त्याच लिंबाखाली बसेल. त्याच्यासमोरून जा. भरलेली, रिकामी, हरेक गाडी रस्त्यानं. तुझा अंगठा पहिला पाहिजे, दादा.

रामकिसन


पुणे, ता. १ मार्च १९५८

दादास,

अर्ज पोचला. अंगठे पंधरा हायत, महेमूद आज निघतो. पण सोबत तू एक वाक्य पाठवलंस: "गाव विचारून राह्यलं, रामकिसनचं पहिलं पत्र खरं समजायचं का दुसरं?"

हा प्रश्न गावाचा का तुझा?

दुसरं. दुसरं खरं. पहिलं, पौषातलं कार्ड, मी शहाणपणा मिरवायला लिहिलं, दुसरं नोकरी पणाला लावून. यापेक्षा जास्ती मला लिहिता येत न्हाई.

रामकिसन


पुणे, ता. ६ मार्च १९५८

दादा,

काय केलंस हे?

महेमूदनं पहिल्या दिवसाचा कागद टपालानं पाठवला, तसा नियमच हाय. तो आज साहेबाच्या टेबलावर उघडला. मी तिथंच फडकं घेऊन उभा. चौतीस गाड्या. मी फडकं खांद्यावर टाकलं. मंग साहेबांनी शेऱ्याच्या रकान्यात बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं: "एकच गाडी. डाव्या बैलाचं शिंग मोडकं. जाऊन येऊन सतरा खेपा."

मोडक्या शिंगाचा बैल कुणाचा हाय ते मला कुणी सांगायची गरज न्हाई.

सगळं हापिस हसलं. एक कारकून म्हणाला, बिचाऱ्या बैलाला तरी विचारायचं. साहेब आधी हसले, मंग लाल पेन्सिल घेऊन तो आख्खा दिवस खोडला. म्हणाले, असं आणखी एकदा झालं तर मोजणी बंद, आणि अर्ज करणाऱ्या गावाचं नाव खोटं म्हणून लागेल.

तुला एवढंबी कळलं न्हाई? सकाळपासून रिकामी गाडी वर न्यायची, खाली आणायची, उन्हात, बैलांच्या तोंडाला फेस. महेमूद काय आंधळा हाय? आणि बाकीचं गाव कुठं होतं? पंधरा अंगठे दिले ना? अंगठा द्यायला काय लागतं. गाडी घेऊन एकजण आला न्हाई. म्हणजे गावानं माझं पहिलंच पत्र खरं धरलं, आणि दुसरं खरं धरणारा एकटा तू, आणि तू ते असं खरं धरलंस.

दिवसातून दोनदा जा. एकदा जाताना, एकदा येताना. बाकी काही करू नको. हे पोचेपर्यंत मोजणी संपत आली असेल हे मला कळतं. तार करावी तर तार तुमच्यापर्यंत कुणी आणायची? तरी लिहितो. लिहिलं न्हाई तर मी इथं कुणाला तरी मारीन.

रामकिसन


पुणे, ता. १५ मार्च १९५८

दादास,

महेमूद काल सकाळी आला. अंगावरची धूळ झटकायच्या आधी मी त्याला बसवला आणि एकेक दिवस विचारला. तू लिहिणार न्हाईस, तुझी खोड मला ठावी हाय. म्हणून तुझंच तुला लिहून राह्यलो. यात खोटं काही असलं तर कळव.

तो म्हणतो, पहिल्या दिवशी मावळतीला त्यानं तुला थांबवलं. म्हणाला, "भाऊ, एकच गाडी मी किती बार लिहू? माझी नोकरी जाईल." तू बैल सोडलेस, त्यांना पाणी दाखवलंस, त्याला तुझ्यातली अर्धी भाकरी दिलीस आणि घरी गेलास.

आणि दुसऱ्या दिवशी उजाडायला, जिथं रस्ता सोडून नदीत उतरायची वाट फुटते, तिथं तू गाडी आडवी लावलीस. बैल काढून बाभळीला बांधले आणि धुरेवर जाऊन बसलास.

महेमूदच्या झाडापासून ते सगळं दिसत होतं, ऐकूबी येत होतं. आधी तीन गाड्या आल्या, तू हललास न्हाई. मागं आणखी साचल्या. कुणी आईबापाचा उद्धार केला, कुणी म्हणालं, भाऊ शहरात गेला आणि याचं डोकं फिरलं. मंग चतुराबाई आली. नवरा गेल्यापासून ती स्वतः गाडी हाकते हे महेमूदला कुठून ठावं असणार, तो नुसता बघत राह्यला. ती तुला म्हणाली, "कडूबा, गाडी काढ, न्हाई तर तुझ्या अंगावरून नेते."

तू म्हणालास, "अंगावरून ने चतुराबाई. पण रस्त्यानं ने."

"आणि सरकारनं नेली माझी गाडी, मंग?"

"तर माझे बैल तुझ्या दावणीला बांधीन."

असं म्हणालास? मोडक्या शिंगासकट? दादा, तुझ्याकडं ते दोन बैल सोडून हाय काय?

चतुराबाईनं तुझ्याकडं बघितलं, गाडी वळवली आणि रस्त्याला घातली. महेमूदपुढं येऊन थांबली. "लिही," म्हणाली, "चतुराबाई. आणि कुणी घेऊन जायला आलंच, तर आधी माझ्याशी गाठ हाय म्हणून लिही." महेमूद म्हणाला, बाई, नाव न्हाई लिहीत, नुसती रेघ. त्यावर ती म्हणाली, एवढ्या रेघेसाठी आम्ही पौषात वाळू खाल्ली होय? आणि हसत सुटली. मागून बाकीच्या आल्या.

असे सहा दिवस तू तिथंच बसून होतास. तुझी स्वतःची गाडी एकदाबी मोजली गेली न्हाई. वहिनी जेवण तिथं आणून देत होती.

आता आकडा ऐक. चांदमलशेठ, हे उभं राहून वाचा. सहा दिवसांची सरासरी, दिवसाला एकशे त्रेचाळीस.

अ मधी न्हाई. मला वाटलं होतं अ होईल, म्हणून मी साहेबांशी परत भांडलो. त्यांनी मला दाराबाहेर काढलं, मंग आत बोलावून यादी दाखवली. ब मधी, वरून चौथा. या पावसाळ्यात न्हाई. आधी नुसता पूल, तो पुढच्या उन्हाळ्यात, खडी त्याच्यामागून. तेबी मंजुरी आली तर. एकशे त्रेचाळीस गाड्या होत्याच की आधीपासून. पहिल्या मोजणीत, कापसाच्या भरात, याहूनबी जास्ती दिसल्या असत्या, एक दिवस खोडला गेला नसता, माझं ते कार्ड गेलं नसतं, तर हाच पूल या वर्षी झाला असता. हे मी कुणावर ढकलू? रोज टेबल पुसताना तेच मनात येतं, आणि फडकं फाटेपर्यंत पुसतो.

आता दुसरी गोष्ट. ती लिहायला मी रात्रभर थांबलो.

शेवटच्या दिवशी दुपारी टेंभुर्णीकडून एक गाडी आली. महेमूद म्हणतो, हाकणारा म्हातारा, तोंड सुपाएवढं फुगलेलं. मागं एक बाई, पत्र्याची पेटी घेऊन. महेमूदनं रेघ मारली आणि सवयीनं म्हणाला, मामा, परत कधी जाणार? परत जाताना दिसली की दुसरी रेघ, तसा हिशेब असतो. म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. बाईच मागून बोलली.

"एकाच बाजूची लिहा. ही बसलेली परत जायची न्हाई."

महेमूद तिला ओळखत न्हाई. तो मला गंमत म्हणून सांगत होता. मी विचारलं, भुवईवर व्रण होता का? तो म्हणाला, हो, तुला कसं ठावं?

टेंभुर्णीच्या बाजारात त्या आठवड्यात तुझ्या सतरा खेपांवर लोक हसून राह्यले होते म्हणे. महेमूदनं चहाच्या दुकानात स्वतः ऐकलं. तिनंबी ऐकलं असेल. ती हसली नसेल. एवढंच मला समजतं, बाकी काही समजत न्हाई.

मला कुणी विचारलं न्हाई. तिनं न्हाई, सासऱ्यांनी न्हाई, तू तर न्हाईच. पूल होईपर्यंत यायचं न्हाई असं ठरलं होतं ना? मी त्या पुलासाठी साहेबापुढं उभा राह्यलो, हापिसात हसू करून घेतलं, आणि ती पूल व्हायच्या आधी पेटी घेऊन येऊन बसली. मधी आख्खा एक पावसाळा हाय. परत ताप आला तर? नदी काय यादीत बघून चढते का?

मला राग येतो तो कुणावर ते मला धड सांगता येत न्हाई. महेमूद म्हणतो, तू हसून राह्यलास. मी हसत नव्हतो.

मी रजा मागितली. साहेब म्हणाले चार दिवस घे. मी चार महिने मागितले. ते म्हणाले, मग जागेवर दुसरा शिपाई येईल. मी म्हणालो, येऊ द्या, त्याला नकाशे कुठं असतात ते दाखवून जातो. यादी मुंबईला जाईपर्यंत इथं थांबतो, कारण आपला कागद बाकीच्या कागदांखाली सरकवला तर बघायला कुणी न्हाई. यादी गेली की मी निघतो. मृगाच्या आधी घरी.

तिला सांग, मी रागावलेला हाय. आणि येऊन राह्यलोय.

रामकिसन